प्रश्नपेटीतले पाच प्रश्न



गेली तीन वर्षे दर तिमाहीला मी सातपुड्यात, धडगाव तालुक्यातील आपल्या वसतिगृहात दोन दिवस मुक्कामाला जातो. आयुष्यातली ३१ वर्षे आयटीआयमध्ये वीजतंत्री हा विषय शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर हातात वेळ होता, आणि तिथल्या मुलांना विज्ञान समजावून सांगणारे कोणीतरी हवे होते.

मुले पावरा आणि भिल्ल कुटुंबांतली. मराठी त्यांना शाळेत आल्यावर शिकावी लागलेली. वर्गात हात वर करून विचारायला ती लाजतात. म्हणून मी बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवला आणि झाकणाला चीर पाडली. प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, डब्यात टाकायचा, नाव घालायचे नाही. पहिल्या वेळी दोन चिठ्ठ्या निघाल्या. या वेळी डबा भरला होता.

त्यातले पाच प्रश्न आणि मी दिलेली उत्तरे या अंकात मांडतो. तुमच्या घरातील मुलांनाही ती उपयोगी पडतील. पाचव्या प्रश्नापाशी मात्र मला माझेच आधीचे एक उत्तर मागे घ्यावे लागले. ते का, तेही सांगतो.

प्रश्न १ : एलईडी एका सेलवर का लागत नाही? आणि उलटा लावला तर दोन सेलवरही का लागत नाही?

हा प्रश्न कोणाचा असावा ते मला लगेच कळले. आठवीतला एक मुलगा मोडलेल्या बॅटऱ्या उघडून त्यांतले पांढरे एलईडी जमवतो.

मी पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेतले. टाकी जितकी उंच, तितका नळाला पाण्याचा दाब जास्त. विजेचा दाब आपण व्होल्टमध्ये मोजतो. नळातून किती पाणी वाहते तसा तारेतून किती प्रवाह वाहतो, तो अँपिअरमध्ये मोजतो. एका सेलचा दाब दीड व्होल्ट. दोन सेल एकापुढे एक लावले की तीन व्होल्ट.

एलईडीच्या आत दोन प्रकारच्या अर्धवाहकांचा सांधा असतो. तो एकाच बाजूला उघडणाऱ्या दारासारखा आहे. प्रवाह योग्य बाजूने आला तरच दार उघडते, म्हणून उलटा लावलेला एलईडी लागत नाही. शिवाय पांढऱ्या एलईडीचे हे दार जड असते. ते ढकलायला साधारण तीन व्होल्ट लागतात, तिथे एका सेलचा जोर पुरत नाही. लाल एलईडी दोन व्होल्टच्या आसपासच लागतो.

तीन सेल सरळ लावले तर मात्र एलईडी जळून जातो. दार एकदा उघडले की प्रवाहाला आवर राहत नाही. तो आवरायला मध्ये रोधक घालावा लागतो. किती ओहमचा? तीन सेलचे ४.५ व्होल्ट, एलईडीला हवेत ३, उरले १.५. प्रवाह ठेवायचा ०.०१५ अँपिअर. दीडला ०.०१५ ने भागले की येतात १०० ओहम. दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो, हा नियम जर्मनीतल्या ओहम नावाच्या एका शाळामास्तरांनी १८२७ साली मांडला. फळ्यावर मी हा भागाकार मोठ्या अक्षरांत लिहिला आणि पुसला नाही. पुढच्या प्रत्येक प्रश्नाला तोच लागणार होता.

प्रश्न २ : तारेवर बसलेल्या पाखराला करंट का लागत नाही?

मुलांची उत्तरे आधी ऐकली. कोणी म्हणाले, पाखराचे पाय सुके असतात. कोणी म्हणाले, त्याच्यात रक्त कमी असते.

मी विचारले, "ओढा वाहतो तो कशामुळे?"

"उतारामुळे."

प्रवाहालाही असाच उतार लागतो, म्हणजे दोन ठिकाणच्या दाबांत फरक लागतो. पाखराचे दोन्ही पाय एकाच तारेवर, दोन बोटांच्या अंतरावर. एवढ्याशा तुकड्यात दाबाचा फरक पडतो तो एका व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास. पाखराच्या अंगातून जायला प्रवाहाला कारणच नाही. तो तारेतूनच पुढे जातो.

पण मोठे वटवाघूळ पंख पसरून दोन तारांना एकदम चिकटले, किंवा कावळ्याने एक पाय तारेवर आणि चोच लोखंडी खांबाला लावली, तर मधला सगळा दाब त्याच्या अंगावर पडतो. तारांवर लटकलेली मेलेली वटवाघळे सगळ्यांनी पाहिली होती. आपण जमिनीवर उभे असतो आणि विजेला जमिनीतून परत जायला वाट असते. म्हणून आपल्याला दुसरी तार धरावीही लागत नाही. एक तार आणि पायाखालची जमीन एवढे पुरते.

प्रश्न ३ : तार तुटून पडली तर बैल मरतो आणि कधीकधी माणूस वाचतो. असे का?

हा प्रश्न पुस्तकातला नव्हता, पाड्यावरचा होता. उत्तर आधीच्या प्रश्नातच दडले आहे.

तुटलेली तार जमिनीला टेकली की तिथून वीज जमिनीत सगळीकडे पसरते. तार टेकली तिथे दाब सर्वांत जास्त, आणि दूर जावे तसा कमी. म्हणजे जमिनीवर विजेचा एक न दिसणारा उतार तयार होतो. या उतारावर एक पाय वर आणि एक पाय खाली पडला, तर दोन पायांमधला फरक अंगातून वाहतो. माणसाचे पाऊल दोन-अडीच फुटांचे. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत त्याच्या दुप्पट अंतर, म्हणून दाबही जास्त. आणि प्रवाह पुढच्या पायांतून मागच्या पायांत जाताना छातीतून, हृदयाजवळून जातो.

यावरून नियम असा : पडलेल्या तारेच्या तीस-पस्तीस फुटांच्या आत जायचे नाही. आपण आतच सापडलो तर मोठी ढांग टाकायची नाही, पळायचेही नाही. दोन्ही पाय जवळ ठेवून, जमिनीवरून घासत घासत मागे यायचे. गुरांना सोडवायला धावायचे नाही. आधी लाईनमनला किंवा १९१२ या क्रमांकावर फोन करून लाईन बंद करून घ्यायची. मुलांना मी वर्गाच्या मधोमध दोरी टाकून ती तार मानायला सांगितली आणि प्रत्येकाकडून पाय घासत मागे येण्याचा सराव करून घेतला. हसून हसून सगळे दमले, पण सराव झाला.

प्रश्न ४ : प्लगची तिसरी पिन जाड का? तिला जोडलेली हिरवी तार कुठे जाते?

तिसरी पिन लांब असते, कारण प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. जाड असते, कारण ती चुकून फेजच्या भोकात जाऊ नये. ही अर्थिंगची पिन. इस्त्री किंवा मोटार यांच्या लोखंडी अंगाला ती जोडलेली असते. आतली तार सोलून त्या अंगाला टेकली, तर वीज माणसातून जाण्याआधी तिला हिरव्या तारेतून जमिनीत जायची सोपी वाट मिळावी, एवढेच तिचे काम.

"पण ती जाते कुठे?" हा अर्धा प्रश्न शिल्लक होता. मी म्हणालो, चला, तिच्या मागे जाऊ. मेन स्विच बंद केला, बोर्ड उघडला आणि आम्ही हिरव्या तारेच्या मागे निघालो. मुलींच्या खोलीतून व्हरांड्यात, व्हरांड्यातून मीटरच्या फळीपर्यंत. तिथे ती तार फळीमागे मोकळीच लोंबत होती. कशालाच जोडलेली नव्हती. बाहेर भिंतीशी अर्थिंगचा पाईप होता, पण त्याच्यावरचा सांधा गंजून गळून पडला होता.

खरे सांगतो, मला घाम फुटला. तीन वर्षे मी त्या इमारतीत मुलांना वीज शिकवत होतो आणि ती तार कुठे जाते हे एकदाही पाहिले नव्हते. ते एका मुलाने किंवा मुलीने विचारले म्हणून दिसले. त्याच आठवड्यात परवानाधारक वायरमन बोलावला. त्याने नवा खड्डा घेतला, कोळसा आणि मीठ घालून नवा पाईप पुरला, सांधे पक्के केले आणि यंत्राने रोध मोजून दाखवला. मेन स्विचशेजारी आरसीसीबी नावाचे उपकरणही बसवले. त्याबद्दल पुढे येतेच.

प्रश्न ५ : माझ्या मामाने चपला घातल्या होत्या. तरी मोटारीचा करंट लागून तो मेला. तुम्ही म्हणाले होते, चपला घातल्या तर लागत नाही. मग तो का मेला?

ही चिठ्ठी मी आधी मनात वाचली. वर्गात बोलायला मला थोडा वेळ लागला.

पावसाळ्याआधीच्या भेटीत मी खरोखरच तसे बोललो होतो. रबर विजेला अडवते हे सांगताना घाईत म्हणून गेलो, "पायात चपला असल्या की करंट लागत नाही." परीक्षेत या वाक्याला गुण मिळाले असते. पण ते अपुरे होते, आणि या विषयातले अपुरे उत्तर जिवावर बेतू शकते. कोणाची चिठ्ठी हे मी विचारले नाही. सगळ्यांसमोर एवढेच म्हणालो, "माझं उत्तर चुकलं होतं. मला माफ करा. आज ते नीट करू."

फळ्यावरचा भागाकार तसाच होता. घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट. कोरड्या, राठ कातडीचा रोध काही हजार ओहमपासून लाखभर ओहमपर्यंत असू शकतो. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. २३० ला हजाराने भागा. येतात ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. जुन्या पिवळ्या ६० वॉटच्या बल्बमधून साधारण एवढाच प्रवाह जातो.

आता माणसाला किती सोसते ते पाहू. एक मिलिअँपिअरला मुंग्या येतात. दहाच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात. माणसाला तार सोडायची असते, पण मूठ उघडत नाही. तीसच्या पुढे जिवाला धोका. पन्नास ते शंभरमध्ये हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हृदय नुसते थरथरत राहते, रक्त पुढे ढकलत नाही. एक साधा बल्ब पेटवणारा प्रवाह माणसाला मारायला पुरून उरतो.

मग चपलांचे काय? कोरडी, जाड, न झिजलेली चप्पल कोरड्या जमिनीवर मदत करते, यात खोटे नाही. पण गव्हाला पाणी देताना माणूस चिखलात उभा असतो. चप्पल भिजलेली, टाच झिजलेली, पाय चिखलाने माखलेले. पाणी चपलेच्या कडेने वर येते आणि वीज त्या पाण्यातून जाते. शिवाय एका हाताने मोटार आणि दुसऱ्या हाताने पाण्याचा लोखंडी पाईप धरला असेल, तर प्रवाह एका हातातून दुसऱ्या हातात जातो. मध्ये छाती. पायात काय आहे याचा तिथे संबंधच येत नाही.

एका मुलीने विचारले, "फ्यूज होता ना? तो का नाही उडाला?"

मोटारीचा फ्यूज दहा-पंधरा अँपिअरचा असतो. माणसाच्या अंगातून जातो पाव अँपिअर. फ्यूजला तो कळतही नाही. फ्यूज आणि एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असतात, माणूस वाचावा म्हणून नव्हे. माणसासाठी आरसीसीबी लागतो. आपल्या वसतिगृहातून सकाळी चाळीस मुले शाळेला गेली आणि संध्याकाळी एकोणचाळीसच परत आली, तर ताई काय करतील? सगळे सोडून शोधायला निघतील. आरसीसीबी असाच मोजत बसतो. फेजमधून जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का? तीस मिलिअँपिअर कमी आला, तरी कुठेतरी तो भलत्या वाटेने, कदाचित एखाद्या माणसातून जातो आहे असे समजून तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वीज तोडतो.

वर्ग सुटला. डबा आवरत होतो, तेवढ्यात एक मुलगा दाराशी थांबला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, मोटार अजून तिथंच आहे. आता आजा चालू करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमनला घेऊन मी त्याच्या पाड्यावर गेलो. वसतिगृहापासून तासभर चाल. नाल्याकाठी मोटार होती. तिच्या अर्थिंगच्या बोल्टला काहीच जोडलेले नव्हते. केबल जिथून आत शिरते तिथे पत्र्याच्या धारेने वरचे आवरण कापले गेले होते आणि आतली तार उघडी दिसत होती. चालवताना मोटार हादरली की कधी ती पत्र्याला टेकणार, कधी नाही. म्हातारा म्हणाला, "कधी चावते, कधी नाही चावत. म्हणून मी काठीने बटण दाबतो." मुलगा गेल्यावरही दीड हंगाम तो त्याच मोटारीने पाणी देत होता, कारण गहू वाळून चालणार नव्हते.

वायरमनने लाईन बंद करून केबल बदलली, शिरण्याच्या जागी रबराची गोल पट्टी बसवली, मोटारीजवळ पाईप पुरून अर्थिंग दिले आणि स्टार्टरच्या पेटीत आरसीसीबी लावला. अर्थिंगमुळे बिघाड झाल्याबरोबर प्रवाह जमिनीत जातो आणि आरसीसीबी तेव्हाच तुटतो, कोणी हात लावण्याची वाट पाहत नाही. म्हणून दोन्ही हवेत. हा खर्च आपल्या मदत निधीतून झाला. तुमच्या देणगीचा हा हिशेब तुम्हाला कळावा म्हणून लिहिले.

पेटी बंद करण्याआधी मी त्या मुलाला टेस्ट लिहिलेले बटण दाबायला सांगितले. खट् आवाज होऊन मोटार थांबली. त्याने ते परत चालू केले आणि आणखी दोनदा दाबून पाहिले. मग आजाचा हात धरून त्यांच्याकडूनही दाबून घेतले. परत निघताना त्याने वाटेत विचारले, "मामाची चूक नव्हती ना?" मी म्हणालो, "नाही बाळ. त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं."

आता तुमच्यासाठी गृहपाठ. नाताळ जवळ आला आहे. घराघरांवर तारे आणि दिव्यांच्या माळा लागतील, मंडळीच्या आवारात मांडव पडेल. दवाने भिजलेल्या मांडवात चिकटपट्टीने जोडलेल्या तारा लोखंडी खांबांवरून जाऊ देऊ नका. तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन कापून काम भागवू नका. आज घरातल्या मेन बोर्डावर आरसीसीबी आहे का ते पाहा. असला तर त्याचे टेस्ट बटण दाबा. वीज गेली तर उपकरण ठीक आहे. नाही गेली तर वायरमनला बोलवा. हे दर तीन महिन्यांनी करा. हा अंक हातात आला की बटण दाबायचे, असे ठरवले तर विसरणार नाही.

कोणाला घरच्या विजेचा धक्का लागला, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने तार दूर करा. खांबावरच्या मोठ्या लाईनला मात्र काठीही चालत नाही. तिथे दूर राहून लाईन बंद करून घ्यावी लागते. माणूस श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन करायला एकाला सांगा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाब देत राहावे, मदत येईपर्यंत.

बिस्किटांचा डबा परत रिकामा करून वसतिगृहात ठेवला आहे. या वेळी त्यावर मुलांनीच एक चिठ्ठी चिकटवली आहे : "सरांचे उत्तर चुकले तर तेही लिहावे."

तुमचा,
प्रश्नपेटीवाला मास्तर